मीच होते

शनिवारी रात्री भुतं शोधायला जाणाऱ्यांचा
एक साधा नियम असतो:
अंधारात खोकलात, शिंकलात, पोट गुरगुरलं
तर लगेच, मोठ्यानं म्हणायचं, मीच होते.
टेपवर खूण राहते.
नंतर कुणी तुमच्या पोटाला आत्मा समजत नाही.

हा नियम मला क्लिफर्ड एंटव्हिसलनं शिकवला,
ॲक्रिंग्टनच्या बसथांब्यावर, व्हिनेगरनं भिजलेल्या चिप्स खाता खाता.
मला फार आवडला तेव्हा.
नियम म्हणतेय मी.

आठवडाभर मी ब्लॅकबर्नच्या इस्पितळात कान तपासते.
काचेच्या खोलीत माणूस बसवायचा,
डोक्याला हेडफोन, हातात बटण,
शिट्टी ऐकू आली की दाबा.
अधूनमधून मी शिट्टी मुद्दाम वाजवतच नाही.
तरी दाबतात.
खोटं बोलायचं नसतं त्यांना,
वाट पाहून पाहून अंगठा आपोआप खाली जातो.
मी कागदावर तेवढं वजा करते.

एडना पिकप यांचा नवरा फेब्रुवारीत गेला,
खुर्चीत बसल्या बसल्या, त्या दूध आणायला गेलेल्या असताना.
"जातो म्हणूनसुद्धा सांगितलं नाही हो रॉयनं,"
हे त्यांनी आम्हाला दारात सांगितलं, जिन्यात सांगितलं,
आणि केटलीचं झाकण शोधताना पुन्हा.
आमच्याकडे जाणारा माणूस 'येतो' म्हणतो,
हे ओठांवर आलेलं मी गिळलं.

बारा वाजून सतरा मिनिटांनी, वरच्या खोलीत,
पलंगाच्या लोखंडी कोपऱ्यावर माझा गुडघा आपटला
आणि जे निघतं तेच तोंडातून निघालं,
आई गं.
श्वासाइतकं.
कळ ओसरेपर्यंत नियमाची वेळ टळून गेली.
मग वाटलं, आता काय सांगायचं.

मंगळवारी क्लिफर्डनं तो तुकडा कापला,
खरखर पुसली, आवाज चढवला,
सात वेळा लावला.
"ऐका. आय'म गॉन."
गॅरेथनं मान डोलावली,
ज्याचं थर्मामीटर नेमकं फटीच्या खिडकीशी असतं तो गॅरेथ.

मी म्हटलं, क्लिफर्ड, तो माझा गुडघा आहे.
माझ्या भाषेत आईला हाक मारलीय मी.

त्यानं टेप पुढे-मागे केली. शांतपणे. कारकुनासारखी.
"खूण कुठाय? खूण नाही, म्हणजे तू नव्हतीस.
नियम म्हणजे नियम."

रविवारी एडनाबाईंनी ते ऐकलं.
रडल्या, हसल्या, म्हणाल्या, सांगितलं बाई एकदाचं.
क्लिफर्डला पाकीट दिलं, पेट्रोलचे म्हणून साठ पौंड.
माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला त्यांनी,
आणि टेबलाखाली गुडघ्यावरचं काळंनिळं
पँटला घासत राहिलं.
मी मूग गिळून बसले. बिस्किटही खाल्लं एक.

त्यानंतर मी गटात गेले नाही.
यात मोठेपणा काही नाही, बस बंद झाली होती रात्रीची.

ऑक्टोबरात माझ्या यादीत नाव आलं: पिकप, एडना.
त्या काचेपलीकडे बसल्या, कोट न काढता.
मला ओळखलं नाही, इस्पितळात चेहऱ्याकडे कोण बघतं.
डावा कान बरा होता. उजवा थकलेला.
मी शिट्टी बंद केली.
त्यांनी बटण दाबलं.
थोड्या वेळानं पुन्हा, डोळे मिटून,
जसं कुणी दाराबाहेरची पावलं ओळखावी तसं.

वजाबाकीच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
मग मी माईक उघडला.
मिसेस पिकप, म्हटलं,
त्या रात्री वरच्या खोलीत,
ती मीच होते.

बराच वेळ काही नाही.
मग बटणाचा हिरवा दिवा लागला.
ऐकू आलं म्हणून, की सवयीनं,
ते त्या कागदावरून सांगता येत नाही.